निदान कुणाचे होते, कुणाचे राहून जाते

स्वमग्नता (ऑटिझम), एडीएचडी (लक्ष टिकवणे आणि स्थिर बसणे अवघड जाणे), अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणारी अडचण) आणि बौद्धिक अक्षमता या बालपणातील मेंदूच्या विकासाशी निगडित विकारांविषयी वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतील अनेक पत्रे लक्षणांबद्दल किंवा उपचारांबद्दल नसून निदान कोणाच्या वाट्याला येते, कोणाच्या येत नाही आणि कोणाला ते चुकून चिकटते, याबद्दल आहेत. या वेळचे सदर अशाच निवडक पत्रांसाठी दिले आहे. उत्तरे विकासात्मक बालरोगतज्ज्ञाची आहेत.

प्रश्न : अमेरिकेत दर 31 मुलांमागे एक मूल स्वमग्न असल्याची बातमी वाचली. माझ्या शिक्षकी सेवेच्या काळात असे एकही मूल पाहिल्याचे मला आठवत नाही. ही नवी साथ आहे का? की हा सुशिक्षित, सुखवस्तू घरांतला आजार आहे? (निवृत्त शिक्षक, नाशिक)

उत्तर : तुम्ही वाचलेला आकडा बरोबर आहे. अमेरिकेचे रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्र काही ठरावीक भागांतील आठ वर्षांच्या मुलांच्या आरोग्याच्या आणि शाळेच्या नोंदी तपासून हे प्रमाण काढते. 2000 साली ते दर 150 मुलांमागे एक होते, 2022 साली 31 मागे एक झाले. परंतु त्याच 2022 च्या अहवालात आणखी एक गोष्ट आहे, जी बातम्यांत क्वचितच येते. टेक्सास राज्यातील लारेडो या सीमेवरच्या, बहुतांशी स्पॅनिश भाषकांच्या शहरात हे प्रमाण 103 मुलांमागे एक होते, आणि कॅलिफोर्नियातील पाहणीच्या ठिकाणी 19 मुलांमागे एक. एकाच देशात, एकाच वर्षी, एकाच वयाच्या मुलांमध्ये पाचपटींहून अधिक फरक पडावा इतकी मेंदूची जडणघडण शहरागणिक बदलत नाही. बदलतात त्या सोयी. कॅलिफोर्नियातील त्या भागात बालरोगतज्ज्ञांना लहान वयात तपासणी करण्याचे प्रशिक्षण दिले गेले होते. जिथे तपासणारे अधिक, तिथे नोंदी अधिक, आणि हा आकडा नोंदींवरूनच निघतो.

सुखवस्तू घरांचा आजार, हा समज या निदानाइतकाच जुना आहे. बाल्टिमोर येथील लिओ कॅनर यांनी 1943 साली ज्या अकरा मुलांचे वर्णन केले त्यांचे पालक बहुतेक उच्चशिक्षित होते. पण त्या काळी आपले मूल बालमानसोपचारतज्ज्ञाकडे नेण्याइतकी माहिती, पैसा आणि सवड असणारे पालक दुसरे कोण असणार? पुढे लंडनच्या लोर्ना विंग यांनी एका ठरावीक वस्तीतील सर्व मुलांचा शोध घेतला आणि 1980 मध्ये दाखवून दिले की, अशा प्रकारे सरसकट शोधल्यावर सामाजिक वर्गाचा फरक उरत नाही. अमेरिकेत 2010 च्या सुमाराच्या अभ्यासांत उत्पन्न आणि शिक्षण वाढत जाईल तसे स्वमग्नतेचे प्रमाण वाढत गेलेले दिसते. याउलट आरोग्यसेवा सर्वांना उपलब्ध असलेल्या स्वीडनमध्ये, स्टॉकहोम परिसरात, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतच ते थोडे अधिक आढळले. मला हे दोन निष्कर्ष शेजारी शेजारी ठेवून पाहणे फार महत्त्वाचे वाटते, कारण स्वीडनमध्ये आपण विकार मोजत असतो आणि अमेरिकेत डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याची ऐपत.

माहिती शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाते, याचाही परिणाम मोजला गेला आहे. कॅलिफोर्नियातील एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की, स्वमग्नतेचे निदान झालेल्या मुलाच्या घरापासून 250 मीटरच्या आत राहणाऱ्या मुलांना पुढच्या वर्षी तेच निदान मिळण्याची शक्यता 42 टक्क्यांनी अधिक होती. स्वमग्नता हा संसर्ग नव्हे. पालक एकमेकांना कोणती लक्षणे पाहावीत आणि कोणत्या डॉक्टरांकडे जावे हे सांगतात, एवढाच याचा अर्थ.

आता तुमच्या आठवणीबद्दल. दक्षिण कोरियातील गोयांग शहरात 7 ते 12 वर्षांच्या मुलांची वस्तीनिहाय तपासणी झाली आणि 2011 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 2.64 टक्के मुलांत स्वमग्नता आढळली, आणि त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश मुले कोणतेही निदान किंवा मदत न मिळता साध्या शाळेत शिकत होती. तुमच्याही वर्गांत अशी मुले बहुधा होती. हूड, एककल्ली, मुखदुर्बळ, नाहीतर ‘ढ’ अशा नावांनी ती ओळखली गेली असतील, आणि ज्यांचा त्रास अधिक तीव्र होता ती शाळेपर्यंत आलीच नसतील. सगळीच वाढ नोंदींची आहे असे मी म्हणत नाही. आईवडिलांचे वाढलेले वय आणि अपुऱ्या दिवसांची बाळे जगण्याचे वाढलेले प्रमाण हेही जोखमीचे घटक आहेत. पण डेन्मार्कमधील अभ्यासात तेथील वाढीचा सुमारे 60 टक्के भाग निदानाचे निकष आणि नोंदींची पद्धत बदलल्यामुळे असल्याचे दिसून आले. लसींचा स्वमग्नतेशी संबंध नाही, हे अनेक देशांतील मोठ्या अभ्यासांनी निर्विवादपणे दाखवले आहे.

प्रश्न : माझा मुलगा पहिलीत आहे. वर्गात तो सर्वांत लहान आहे. एका जागी बसत नाही, म्हणून एडीएचडीची तपासणी करून घ्या असे बाईंनी सांगितले. काय करावे? (एक आई, ठाणे)

उत्तर : तुमच्या पत्रातील ‘सर्वांत लहान’ हे शब्द तपासणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. अमेरिकेत ज्या राज्यांत शाळाप्रवेशाचे वय 1 सप्टेंबरला मोजले जाते, तेथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांना सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांपेक्षा एडीएचडीचे निदान 34 टक्क्यांनी अधिक वेळा झालेले 2018 च्या अभ्यासात आढळले. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ही तारीख 31 डिसेंबर आहे, आणि तिथे डिसेंबरच्या मुलांबाबत तसाच फरक दिसला. सहा वर्षे जेमतेम पूर्ण केलेले मूल सात वर्षांच्या वर्गमित्राच्या मानाने चंचल दिसणारच, कारण त्या वयात एक वर्षाचे अंतर फार मोठे असते.

तरीही तपासणी टाळू नका. एडीएचडीचे निदान करण्यासाठी लक्षणे किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात आणि ती घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात. केवळ शाळेच्या अर्जावरील खुणांवरून निदान करणाऱ्याकडे थांबू नका. आपल्या मुलाची तुलना वर्गाशी न करता त्याच महिन्यात जन्मलेल्या मुलांशी केली जाते आहे ना, हे स्पष्टपणे विचारा.

प्रश्न : मोठ्या मुलाला स्वमग्नता आहे. धाकटी नऊ वर्षांची मुलगी शांत आहे, अभ्यासात बरी आहे, पण तिला मैत्रिणी नाहीत, आणि शाळेतून आल्यावर ती रोज तास-तासभर रडते. घरचे म्हणतात, मुलगी लाजाळू आहे, तिला उगाच शिक्का लावून घेऊ नका, उद्या लग्नाला अडेल. (कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : ताई, तिची तपासणी करून घ्या. एका मुलाला स्वमग्नता असल्यास पाठच्या भावंडांत ती साधारण पाचांपैकी एकात आढळते. एवढ्या कारणासाठीसुद्धा तपासणी योग्यच ठरली असती, आणि तुम्ही सांगितलेले रोजचे रडणे हे स्वतंत्रपणे दखल घेण्याजोगे आहे.

मुलींच्या बाबतीत या विकारांचा इतिहासच एकांगी आहे. कॅनर यांच्या अकरा मुलांपैकी आठ मुलगे होते. पुढच्याच वर्षी, म्हणजे 1944 साली, व्हिएन्नाच्या हान्स अॅस्पर्गर यांनी ज्या चार मुलांचे सविस्तर वर्णन केले ते चारही मुलगेच. लक्षणांच्या याद्या अशा निरीक्षणांतून तयार झाल्या आणि त्या याद्यांनी पुन्हा मुलगेच अधिक सापडत राहिले. चार मुलग्यांमागे एक मुलगी हे प्रमाण पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे छापले जात होते, परंतु जिथे संशोधकांनी रुग्णालयाच्या नोंदींवर न विसंबता स्वतः समाजात जाऊन मुले तपासली, तिथे ते तीनास एकच्या जवळ आले. अनेक मुली इतरांच्या हालचाली, हसणे, बोलण्याची ढब पाहून पाहून उचलतात आणि शाळेत दिवसभर ती निभावतात. त्या प्रयत्नाचा शीण घरी बाहेर पडतो. तुम्ही वर्णन केलेले रडणे असे असू शकते. एडीएचडीतही मुलींमध्ये धावपळीपेक्षा हरवल्यासारखे बसणे अधिक दिसते, आणि ते कोणाला त्रासदायक नसल्यामुळे कोणाच्या नजरेत येत नाही.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे, आणि तो तुमच्या पत्रातच आला आहे. मुलगा बोलत नाही म्हणून घर पंचवीस ठिकाणी धावते, मुलगी बोलत नाही तेव्हा तिचे मौन गुण म्हणून मोजले जाते. समंजस, कामसू, उलट न बोलणारी अशी कौतुके झालेल्या कितीतरी मुली पौगंडावस्थेत तीव्र चिंता किंवा नैराश्य घेऊन आमच्याकडे पोहोचतात. लग्नाच्या काळजीबद्दल मी एवढेच म्हणेन की, तपासणीचा कागद तुमच्याकडेच राहतो, तो कुणाला दाखवण्याची सक्ती नाही. आज तिला समजून घेणारे कोणी मिळाले नाही, तर त्याचे परिणाम मात्र कुठल्याच घरात लपून राहत नाहीत. तपासणाऱ्या डॉक्टरांना भावाचे निदान, घरातील रडणे आणि शाळेतील मधल्या सुट्टीत ती काय करते, या तिन्ही गोष्टी सांगा. तपासणीच्या खोलीतील अर्ध्या तासात ती कदाचित उत्तम वागेल.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळेत तिसरीला शिकवतो. ऊसतोड कामगाराचा एक मुलगा दरवर्षी पाच-सहा महिने आईवडिलांबरोबर फडावर जातो. त्याला अजून जोडाक्षरे सोडाच, साधे शब्दही वाचता येत नाहीत. ही अध्ययन अक्षमता की शाळा बुडाल्याचा परिणाम? तपासणीला पाठवायला सांगितले, तर ‘आधी शाळेत तर येऊ द्या’ असे उत्तर मिळते.

उत्तर : सर, तुमच्या प्रश्नावर तयार उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येतच अशी अट आहे की, वाचनातील अडचण अपुऱ्या शिकवण्यामुळे किंवा शिक्षणाच्या भाषेचा पुरेसा परिचय नसल्यामुळे आलेली नसावी. ही अट चांगल्या हेतूने घातलेली आहे, कारण तिच्याअभावी प्रत्येक गरीब, स्थलांतरित आणि आदिवासी मुलाला आपण अक्षम ठरवून मोकळे झालो असतो. पण व्यवहारात तिचा उपयोग उलट होतो. गैरहजेरी हे कारण समोर दिसताच तपासणी तिथेच थांबते आणि ज्या मुलाला गैरहजेरी व अक्षमता दोन्ही आहेत, त्याला कोणीच शोधत नाही. शहरातील इंग्रजी शाळेत न चुकता हजर राहणाऱ्या, शिकवणीला जाणाऱ्या मुलाची अडचण मात्र लगेच उठून दिसते. महाराष्ट्राने 1996 पासून अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांचा समावेश झाला. हे हक्क कागदावर सर्वांचे आहेत. प्रमाणपत्रापर्यंत पोहोचायला मात्र मोठ्या रुग्णालयातील अनेक फेऱ्या, रजा आणि प्रवासखर्च लागतो, आणि रोजंदारी बुडवून त्या फेऱ्या करणे तुमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांना परवडणारे नाही.

खरे तर अशा वस्त्यांत हे विकार कमी नव्हे, अधिक असण्याची कारणे आहेत. पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि आपल्या शेजारचा उत्तर गोवा अशा पाच ठिकाणी 2 ते 9 वर्षांच्या 3,964 मुलांची घरोघरी जाऊन पाहणी झाली. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सहा ते नऊ वयोगटात ठिकाणानुसार 6.5 ते 18.5 टक्के मुलांत दृष्टी, श्रवण, फिट्स, वाचा, बुद्धी, स्वमग्नता, एडीएचडी, अध्ययन यांपैकी किमान एक विकार आढळला. घरी झालेली बाळंतपणे, जन्मल्यावर उशिरा रडणे, कमी वजन, नवजात अवस्थेतील आजार, मेंदूचा संसर्ग आणि वयाच्या मानाने खुंटलेली उंची हे जोखमीचे घटक त्यात पुढे आले. गरोदरपणात शेवटपर्यंत मोळ्या वाहणाऱ्या आणि कोपीत (फडावरच्या झोपडीत) बाळंत होणाऱ्या बायांच्या मुलांच्या वाट्याला यांतले किती घटक येतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

तुम्ही स्वतः काय करू शकता ते सांगतो. या मुलाची तुलना वर्गातील नियमित मुलांशी करू नका. त्याच टोळीबरोबर जाणाऱ्या, तितकीच शाळा बुडालेल्या मुलांशी आणि त्याच्या भावंडांशी करा. ती अडखळत का होईना वाचत असतील आणि हाच मागे असेल, तर गैरहजेरी हे पुरेसे कारण नाही. त्याला ऐकून गोष्ट समजते का, तोंडी हिशेब जमतो का, तो खेळाचे नियम पाळतो का, हे पाहा. बोलण्यात, समजण्यात तरतरीत आणि केवळ अक्षरांपाशी अडणारे मूल वेगळे, आणि सगळ्याच बाबतींत मागे असणारे मूल वेगळे. घरी गोरमाटी (बंजारा बोली) किंवा अन्य बोली बोलत असतील, तर हे सारे त्याच बोलीत पाहा, मदतीला एखादा मोठा विद्यार्थी घ्या. आईला जन्माच्या वेळचा तपशील, आकडी येऊन गेली का, मोठा ताप आला होता का, हे विचारा. तो गावात असेल त्या काळात रोज थोडा वेळ अक्षर-ध्वनीचा पद्धतशीर सराव घ्या आणि काय जमले, काय नाही, याची तारखेसह नोंद ठेवा. नीट शिकवूनही फरक पडला नाही, हाच निदानाला लागणारा महत्त्वाचा पुरावा असतो आणि तो तुमच्याशिवाय कोणी देऊ शकत नाही.

डोळे आणि कान मात्र आधी तपासायलाच हवेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचे पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येणे अपेक्षित आहे. ते पथक आले त्या दिवशी हा मुलगा फडावर असेल, तर तो सुटतो. म्हणून परतल्यावर त्याचे नाव पथकाला लेखी द्या, आणि जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची मागणी करा. गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांनाही कळवा. ‘डाली’ नावाची वाचन-अक्षमतेची चाचणी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015 मध्ये मराठीतही उपलब्ध केली आहे, तिची चौकशी करा. त्यापूर्वी इंग्रजीत घडवलेल्या चाचण्यांवर मराठी माध्यमातील मुले जोखली जात, हा अन्याय होता. स्थलांतराच्या वेळी देण्याच्या शिक्षण हमी पत्रकाबरोबर तुमच्या नोंदींची प्रत जोडून दिलीत, तर कारखान्याजवळच्या शाळेतील शिक्षकाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. नातू पावणेदोन वर्षांचा आहे, एकही शब्द बोलत नाही. घरात मराठी आणि पाळणाघरात इंग्रजी, त्यामुळे त्याचा गोंधळ होतो, मराठी बंद करा असा सल्ला मिळाला. त्याचे वडीलही उशिराच बोलले होते. (आजी)

उत्तर : आजी, मराठी बंद करू नका. दोन भाषा ऐकल्यामुळे स्वमग्नता होत नाही, आणि स्वमग्न मुलांतही दुभाषिकपणाने भाषा आणखी मागे पडते असे अभ्यासांत दिसत नाही. उलट आजी-आजोबांची भाषा थांबली की मुलाशी सर्वाधिक बोलणारी माणसेच गप्प होतात. पण दोन भाषांचे किंवा वडिलांचे उदाहरण देऊन वाटही पाहू नका. तुमच्या तिथे 18 आणि 24 महिन्यांना प्रत्येक मुलाची स्वमग्नतेसाठी चाळणी व्हावी असा बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा संकेत आहे, तो पाळला गेला का ते विचारा. तीन वर्षांखालील मुलाला विकासातील दिरंगाईवरही मदत मिळू शकते, त्यासाठी निदानाचे नाव लागत नाही. मूल्यमापन घरच्या भाषेत करावे, अशी तेथील कायद्याची अपेक्षा आहे, म्हणून मराठी दुभाषा मागण्यात संकोच नको. चाळणीच्या प्रश्नावलीतील ‘खोटे-खोटे खेळणे’ म्हणजे रिकाम्या कपातून पिणे एवढेच नसून भातुकलीत भात वाढणेही त्यात येते, हे सुनेला आणि मुलाला सांगा, म्हणजे उत्तरे अचूक जातील.

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. स्वमग्नता असावी असे तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितले, पण खात्रीसाठी मोठ्या शहरातील तज्ज्ञांची तारीख चार महिन्यांनंतरची मिळाली आहे. तोवर काहीच करता येणार नाही का? (एक वडील, सावंतवाडी तालुका)

उत्तर : बरेच काही करता येईल, आणि ते आजच सुरू करा. तुमच्या शेजारच्या गोव्यात ‘संगथ’ ही संस्था 1996 पासून काम करते. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांना स्वमग्न मुलाशी संवाद साधण्याची पद्धत शिकवली. मुलाच्या कलाने प्रतिसाद देणे पालकांना अधिक जमू लागले आणि मुले स्वतःहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. याचा अर्थ असा की, मोठ्या शहरातील तज्ज्ञ भेटेपर्यंत मूल रिकामे बसवून ठेवण्याची गरज नाही. रोज अर्धा तास, मोबाईल आणि टीव्ही बंद ठेवून, त्याच्यासमोर त्याच्या उंचीवर बसा. तो ज्या वस्तूकडे पाहतो तिच्याबद्दलच थोडक्या शब्दांत बोला. त्याने आवाज केला, हात ओढला, नजर टाकली, तर त्याला उत्तर द्या आणि मग त्याच्या पाळीची वाट पाहत थांबा. प्रश्न आणि आज्ञा कमी करा. आईने आणि आजीने हेच करावे.

कानांची तपासणी या चार महिन्यांत जिल्हा रुग्णालयात करून घ्या, कारण तज्ज्ञ तीच आधी मागतील. अंगणवाडीत त्याचे नाव असू द्या आणि सेविकेला शंका सांगून ठेवा. तो घरी खेळताना, जेवताना आणि इतर मुलांत असताना, अशी दोन-तीन मिनिटांची चित्रणे मोबाईलवर घ्या. अनोळखी खोलीत मूल रडत बसले, तर डॉक्टरांना त्यांतूनच अधिक कळते. निदान झाले तर ‘इसा’ या भारतीय मोजपट्टीवर तीव्रता मोजून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळते. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा त्याहून अधिक असल्यास शासकीय सवलती लागू होतात, आणि राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमाकवच मिळू शकते. त्यासाठी जन्मदाखला, आधार कार्ड आणि तालुक्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी एका फायलीत ठेवा, आणि तारखेला जाताना मुलाबरोबर जो सर्वाधिक वेळ असतो त्यालाच घेऊन जा, मग ती आजी असली तरी.